आधी पाणी

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी माशांच्या टाकीचं पाणी बदललं. दर रविवारी बदलायचो. कुमुद पाइपचं एक टोक टाकीत सोडायची, दुसरं तोंडात धरून पाणी ओढायची आणि आलं की थू करून बादलीत सोडायची. ते घाण पाणी मी अंगणातल्या जास्वंदीला घालायचो. मग बोअरचं ताजं. ती टाकीत स्टीलची ताटली आडवी धरायची आणि मी ताटलीवर बादली रिकामी करायचो, म्हणजे खालची वाळू उधळत नाही. एका माणसाचं काम नाही ते.

त्या रविवारी ताटली हलली.

"काय गं?"

"काही नाही. हात भरून आलाय."

मी म्हटलं, ठेव ते, डॉक्टरकडे चल. तर म्हणाली, "आधी पाणी. अर्धं टाकून कुठे येऊ?" पाणी झालं. मग म्हणाली, गॅस असेल, रविवारी कोण डॉक्टर बसतो, उद्या जाऊ. सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याला धरून खाली बसली, ती उठलीच नाही. माझी बायको गेली.

लोक म्हणतात, चांगलं मरण आलं, त्रास नाही झाला. तिला नसेल झाला. मी तिच्यावर अजून चिडलेला आहे, आणि हे लिहितोय तेही चिडूनच.

कुमुद धारची. तिचे आजोबा संस्थानात कारकून होते, त्यामुळे घरात सगळं नेमाचं. मी आठवीत शाळा सोडलेला, देवासच्या कारखान्यात फिटर. चाळीसेक वर्षांच्या संसारात ती मला 'अहो' म्हणाली, आणि टोमणा मारायचा असला की 'फिटरसाहेब'.

टाकी आमच्या मुलाने, नितीनने आणली होती. सोनेरी मासे आणले, ते पटापट मेले, आणि साहेब नोकरीला पुण्याला निघून गेले. रिकामी टाकी मी भंगारात देणार होतो. कुमुद इंदूरच्या दुकानात जाऊन भांडून आली. दुकानदार म्हणाला, "चाची, आपके देवास का पानी भारी है. इसमें आफ्रिकन डालो, वो ऐसे ही पानी के हैं." सिक्लिड म्हणतात त्यांना. पिवळे, निळे, रंग बघावेत असे, आणि एक नंबरचे भांडखोर. ती मला म्हणाली, "ज्या पाण्यात आपली डाळ शिजत नाही, त्यात हे सुखाने राहतात. चांगल्या घरचे दिसतात."

दुकानदाराने आणखी एक सांगितलं होतं, की यांच्याबरोबर झाडं होत नाहीत, उपटून फेकतात. हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. कुमुदला 'होत नाही' म्हटलं की संपलं. तिने वाळूत रोपं लावली. सकाळी सगळी वर तरंगत होती. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. ती काचेला नाक लावून त्यांना शिव्या द्यायची, "मेल्यांनो, तुमच्यासाठीच लावते आहे ना!" मी हसलो की माझ्यावर घसरायची.

मग काळे दगड आले. सोनकच्छजवळच्या नदीतून मी पोत्यात घालून बसने आणले; कंडक्टर म्हणाला, "भिया, मकान बना रिये हो क्या?" कुमुदने ते वाळूवर रचले. छान दिसले. पण या माशांना खणायची खोड. त्यांनी खालची वाळू उकरली आणि भर दुपारी वरचा दगड धाडकन खाली आला. काच वाचली, नशीब. मी म्हटलं, "पाया न भरता घर बांधलंस." टाकी रिकामी केली, दगड तळाच्या काचेवर थर्माकोल घालून बसवले, एकेक हलवून पाहिला, वाळू नंतर टाकली. ती बाजूला उभी राहून म्हणाली, "शिकलात हो काहीतरी कारखान्यात."

झाडांचा उपाय मात्र तिचा. जाड, कडू पानांचं एक झाड दुकानात मिळतं, मासे चावतात आणि थुंकतात. त्याचं मूळ वाळूत पुरायचंच नसतं. ती साड्यांना फॉल लावायची, त्याच दोऱ्याने तिने ती झाडं दगडांना बांधली. काही महिन्यांनी मुळांनी दगड धरला. दोरा कुठे आहे ते आता दिसतही नाही. दुकानदाराला फोटो दाखवायला ती मुद्दाम इंदूरला गेली. त्याने चहा पाजला. आल्यावर दोन दिवस माझ्याशी मोठ्या माणसासारखी बोलत होती.

एका गोष्टीत ती कुणाचं ऐकायची नाही. हे मासे दगडावरचं शेवाळ खाणारे. यांना जड खाणं घातलं की पोट फुगतं आणि मरतात. आणि आमच्याकडे मासा दिसला की लोकांना कणकेची गोळी आठवते. शेजारची राठोडीण दर शनिवारी दारात, "भाभी, एक गोली तो डालने दो नी, शनि उतर जायेगा." कुमुद दार अडवून म्हणायची, "शनि उतारना है तो मीठा तालाब जाओ. यह मेरा घर है. मेरे घर में किसी का शनि नहीं उतरेगा." पुण्य तळ्यावर, घरात पथ्य, हा तिचा कायदा. माझी थोरली बहीण आक्का धारहून आली की तिलाही तोच. आक्का म्हणायची, "मुकी जनावरं उपाशी ठेवतेस." कुमुद म्हणायची, "वन्सं, तुम्हीही एक दिवस ठेवून बघा, पोट जागेवर येईल."

त्या रविवारी पाणी ओतून झाल्यावर तिने मला पिवळी मादी दाखवली. दगडामागे एकटी, गळा फुगलेला. या जातीची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं तोंडातच वाढवते, तेवढे दिवस काही खात नाही. "बघा," म्हणाली, "तोंड उघडत नाही बया." स्वतः तरी कुठे उघडलं? हात दुखत होता, कधीपासून दुखत होता देव जाणे, आणि म्हणे गॅस.

सोमवारी संध्याकाळी स्मशानातून आलो, आंघोळ केली, घरात शिरलो, तर टाकी दुधासारखी पांढरी. आत गोळ्याच गोळ्या. बायका जमल्या होत्या. राठोडिणीने कणीक मळून आणली होती, कारण आमची चूल बंद. आक्काने पहिली गोळी टाकली, मग सगळ्यांनी एकेक. कुमुदच्या नावाने. तिला माशांची आवड होती म्हणून.

मी ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो. "तिने आयुष्यभर दार अडवलं, आणि ती दाराबाहेर गेल्याबरोबर तुम्ही आत शिरलात!" आक्का रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, बोलू द्या, दुःखात आहे. मला दुःखापेक्षा राग जास्त होता, आणि तो बरोबर होता. चहाच्या गाळणीने हाताला लागल्या तेवढ्या गोळ्या काढल्या. बाकीच्या विरघळल्या होत्या. दुपारच्या विमानाने आलेला नितीन माझा हात धरून म्हणाला, "बाबा, सोडा ना. मासेच आहेत."

म्हटलं, "हो. आणि ती बाईच होती."

नितीनने माझा हात सोडला.

सकाळी अस्थी वेचायला जायचं होतं. दारात गाडी उभी, गुरुजी पुढे बसलेले, नितीन दोनदा येऊन गेला. टाकीत मोठा निळा नर उलटा तरंगत होता. बाकीचे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. पिवळी मादी दगडामागेच होती, तोंड गच्च मिटून. तिने कणकेला तोंड लावलं नव्हतं.

नितीन म्हणाला, "बाबा, गुरुजी थांबलेत."

"थांबू दे. आधी पाणी."

पाइप टाकीत सोडला, टोक तोंडात घेतलं आणि ओढलं. तोंड भरलं. आंबट, घाण, कणकेचं पाणी. थुंकलो. दर रविवारी तिला असं थुंकताना बघून मी हसत आलो होतो. बादल्या भरल्या, जास्वंदीला ओतल्या. बोअर लावला. भरलेली बादली उचलून टाकीपाशी आणली आणि तसाच उभा राहिलो. ताटली धरायला कुणी नव्हतं.

आक्का उठली. बाहेर जाण्यासाठी पांघरलेली शाल तिने काढून ठेवली, पदर खोचला, ओट्यावरची ताटली घेतली आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. मी धार सोडली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आक्काचे खांदे हलायला लागले, वाळू वर येऊ लागली.

"आक्का," मी म्हटलं, "रडायचं ते नंतर. ताटली हलते आहे."