साहेबाचा हात, माझी शिटी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगत असताना मध्येच कोणी दात काढलेले मला चालत नाहीत.

भिलाईचा कारखाना उभा होत होता. मी क्रेनला इशारे देणारा. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात शिटी. शाळा चौथीत सुटली, पण माझी शिटी वाजल्याशिवाय लोखंड जागचं हलत नसे. इंजिनियरसुद्धा बाजूला सरकत!

आमच्यावर एक रशियन साहेब होता. त्याला हिंदी येईना, मला रशियन. सगळा कारभार हातानं. तळवा खाली दाबला की माल उतरव. बोट वर करून फिरवलं की माल उचल. आणि उचलण्याआधी लांब शिटी, म्हणजे खालची माणसं पळतील.

साहेबाला पाखरांचं वेड. राजहराच्या खाणींकडच्या सागवानात दिवसाढवळ्या बसणारा एक पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, होता. तो आपल्याच मुलखात सापडतो, जगात दुसरीकडे नाही, असं दुभाष्यानं मला सांगितलं होतं. साहेब त्याच आठवड्यात मायदेशी निघणार होता. जाण्याआधी पिंगळ्याचा फोटो हवाच! आणि नेमका दुभाष्या तापानं पडला.

"दुभाष्या काहून पायजे?" मी खेमलाल ड्रायव्हरला म्हणालो. "साहेबाचा हात मले वाचता येते."

यात माझाही मतलब होता. तुमसरचे माझे सासरे गावभर सांगत, "जावई तं भिलाईत हमाली करून राहिला." त्यांना हेल्मेटातला फोटो पाठवून गप्प करायचं होतं. मी कॅमेऱ्याकडे आणि मग माझ्या हेल्मेटाकडे बोट दाखवलं, साहेब मान हलवून कबूल झाला. रोलात दोनच फोटो उरले होते. एक पिंगळ्याचा, एक माझा.

खेमलाल ड्रायव्हर जीपच्या सावलीत आडवा झाला. आम्ही दोघं रानात शिरलो. साहेबाची जड पेटी माझ्या खांद्यावर. शिटी? ती गळ्यातच! बायको मंगळसूत्र काढून ठेवते का?

उघड्या फांदीवर पिंगळा बसला होता. साहेबानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुसऱ्या हाताचा तळवा खाली दाबला.

खाली बस, असं त्याला म्हणायचं होतं. मी माल उतरवला. धप्प!

पिंगळा उडाला. फोटो आला नुसत्या फांदीचा.

आता एकच उरला. म्हणजे माझा फोटो गेला पाखराच्या नावावर! मी दात-ओठ खात उभा राहिलो. तेवढ्यात पिंगळा पुढच्या झाडावर बसला. साहेबानं माझ्याकडे न बघता बोट वर केलं आणि हळूच फिरवलं. झाडाला वळसा घालून ये, एवढंच.

पण इतक्या वर्षांची सवय हो! बोट फिरलं की माल उचलतो. त्याआधी काय?

छातीत मावेल तेवढी हवा भरून मी शिटी फुंकली.

पिंगळा गेला. वानरं गेली. साहेब दचकून गर्रकन माझ्याकडे वळला, बोट दाबलं गेलं, खटक! तिकडं वरून काय पडलं म्हणून खेमलाल ओरडत जीपखाली शिरला, "का गिरिस ददा? का गिरिस?"

साहेबानं फक्त जीपकडे बोट दाखवलं. तो इशारा मात्र मला बरोबर कळला.

मायदेशी जाताना त्यानं पाकिटातून एक फोटो दिला. मी छाती फुगवून तो घरी नेला. गाल फुगलेले, डोळे वाटोळे, हेल्मेट मागं सरकलेलं.

बायकोनं उजेडात धरून नीट पाहिला.

"पिंगळ्याचा तं बेस आला जी," ती म्हणाली. "तुमचा कुठी हाय?"