तीस किल्ट आणि एक

हातशिलाईचं काही दुकानात आलं, की आता मी आधी विचारतो, हे कुणी शिवलंय? तेव्हा विचारलं नाही, याची लाज वाटते.

इथे आखातात, मुऐदरच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. रास लफानच्या गॅस प्लांटमधला एक म्हातारा स्कॉटिश साहेब आपला किल्ट घेऊन आला. किल्ट म्हणजे त्यांच्याकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा, मागे निऱ्या असलेला लोकरी पोशाख. मुलीच्या लग्नात घालायचा होता आणि साहेबांचं पोट सुटलं होतं. "फक्त कमरेचे पट्टे सरकव, बाकी कशाला हात लावू नकोस," म्हणाले. मी मान डोलावली.

त्याच आठवड्यात एका हॉटेलची ऑर्डर आली होती. स्कॉटिश नाइटसाठी वेटरांना तीस किल्ट हवे होते. फोटो बघून निऱ्यांचं गणित सुटेना, आणि खरा नग समोर टांगलेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी एक निरी उसवली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळ्याच. चौकडीसुद्धा हुबेहूब तीच छापून घेतली, पण पॉलिस्टरवर, आणि कमरेला इलॅस्टिक. साताऱ्याचा एक वेटर म्हणाला, "दादा, हा घागरा घालून बायकोला फोटो पाठवू का?" आम्ही पोट धरून हसलो.

मग साहेबांच्या निऱ्या मशीनवर बसवल्या. जुने टाके वाकडेतिकडे होते, माझी टीप सरळसोट. वाटलं, साहेब खूश होतील.

साहेबांनी किल्ट उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. म्हणाले, "माझ्या आईनं शिवला होता, वडिलांसाठी. तिला तेव्हा नीट दिसत नव्हतं."

माझ्या आईची गोधडी मी इथे रोज पांघरतो. तिच्यावर कुणी टीप मारली असती, तर मी त्याची गचांडी धरली असती. आणि तोंडातून निघालं काय, तर, "दोरा कुजला होता, सर."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. हॉटेलचा एक नमुना तिथे लटकत होता, त्यांच्याच चौकडीचा. माझं खोटं तिथेच उघडं पडलं. पण ते भांडले नाहीत. हळूच एवढंच विचारलं, "जुना दोरा ठेवलायस का?"

दोरा मी त्याच दिवशी झाडून कचऱ्यात टाकला होता.