आतून फुगलेली उजवी बाजू

टेलर मास्तरांच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसाला आपण कपडे घालून आलो आहोत यावर विश्वास ठेवणं जड जात असे. मास्तर चष्म्यावरून एकदाच बघत आणि त्या एका नजरेत गिऱ्हाइकाची छाती, कंबर, मान आणि निम्मा स्वभाव मोजून मोकळे होत. एकाने म्हणे नुसता पत्ता विचारायला दारातून डोकं आत घातलं होतं. मास्तरांनी पत्ता सांगितला आणि वर डावा खांदा अर्ध्या बोटाने उतरतो हेही सांगितलं. तो माणूस आठवडाभर बायकोला खांदा दाखवत फिरला आणि मग तीन शर्टांचं कापड घेऊन परत आला.

खांदा उतरो, पोट सुटो की पाठीला पोक येवो, देहाची खोड कापडात जिरवायची, हे मास्तरांचं ब्रीद. त्यामुळे स्वतःच्या उजव्या बरगडीखालचा भाग वर येऊ लागला, तेव्हा त्यांना आजार आठवलाच नाही. त्यांनी शर्टाची उजवी कूस उसवली आणि बोटभर सैल केली. सहा महिन्यांनी आणखी बोटभर. पुढे पाठीत चुणीचा एक टक्स घातला. आरशात माणूस पट्टीने आखल्यासारखा सरळ.

शरीराने मात्र वेगळ्याच कुरापती सुरू केल्या. चार घास खाल्ले की पोट गच्च. बायकोला वाटलं, आपल्या हातची चव गेली. तिने दोन दिवस अबोला धरला. मग उजवा खांदा ठणकायला लागला. मग उचक्या. कापड बेतायला मेजावर वाकले की उचकी, आणि उचकी आली की खडूची रेघ भलतीकडेच.

हाडांच्या डॉक्टरांनी खांदा वरखाली करून पाहिला आणि दोष कात्रीवर ढकलला. कात्री बंद. मास्तरांनी महिनाभरासाठी म्हणून बेतायचं मेज मेहुण्याच्या ताब्यात दिलं. मेहुणा मनाने सरळ, पण त्याची कात्री कुंपण छाटायला निघाल्यासारखी चाले. मास्तर शेजारी स्टुलावर बसून ते पाहत आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

महिन्याचे चार झाले. कात्रीला बोट लावलं नाही तरी खांदा ठणकतच होता. डॉक्टर म्हणाले, जुनं दुखणं आहे, वेळ लागेल. उचक्यांसाठी गाठलेल्या पोटाच्या डॉक्टरांनी मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं, या वयात पोट नाही म्हणून कौतुक केलं, आणि न तपासताच गॅसची गोळी लिहून दिली. खांद्याचं सांगायला गेले, तर तो आपला विषय नाही म्हणाले. मास्तर घरी येऊन बायकोवर उखडले.

"कोटाची बाही एकाकडे, पाठ दुसऱ्याकडे अन् कॉलर तिसऱ्याकडे शिवायला टाकली तर अंगात काय चढेल गं?"

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी कुठे डॉक्टर आहे?" ती म्हणाली. आणि ताटातलं निम्मं तसंच राहिलेलं पाहून तिने सुस्कारा सोडला.

एक वर्ष झालं. मेज मेहुण्याकडे, स्टूल मास्तरांकडे. आपण मेजाकडे परत जाणार की नाही, या एकाच विचाराने त्यांचं डोकं पोखरलं होतं. अशात मेहुण्याने त्यांना खूश करायला गुपचूप एक शर्ट शिवला. मापाच्या वहीत मास्तरांचं जुनं माप होतं, त्यावर बेतला. मास्तरांनी तो तिथेच अंगात घातला. डावीकडे नीट बसला, उजवीकडे बटणं काजांपर्यंत पोचेनात. वर्षभराची वाफ एकदम बाहेर पडली. मेहुण्याला कात्री धरायची अक्कल नाही इथपासून सुरुवात झाली.

मेहुण्याने ऐकून घेतलं. मग टेप काढली आणि मणक्यापासून बेंबीपर्यंत आधी डावी बाजू मोजली, मग उजवी. पुन्हा एकदा मोजली.

"दाजी, उजवी बाजू तीन इंच जास्त आहे. तुमचे शर्ट तुम्ही कधीपासून उजवीकडे सैल शिवताय?"

मास्तर स्टुलावर बसले. त्यांना एक उचकी आली.

मास्तर तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले. या डॉक्टरीणबाईंनी आधी शर्ट काढायला लावला आणि सोनोग्राफी केली. लिव्हरमध्ये पाण्याची गाठ होती, चांगली वीतभर. बाई म्हणाल्या, बहुधा जन्मापासूनची असावी, सावकाश वाढत गेली. कॅन्सर नाही. पण तिने जठर दाबलं, म्हणून चार घासांत पोट भरायचं. छाती आणि पोटामधला वरचा पडदा डिवचला, म्हणून उचक्या. आणि त्या पडद्याची कळ खांद्यात उमटते, म्हणून खांदा. खांद्याला स्वतःला काहीही झालेलं नव्हतं.

"एवढा फुगवटा कुणाच्याच नजरेस कसा आला नाही?" बाईंनी विचारलं. मग खुर्चीवरचा शर्ट उचलून उलटसुलट पाहिला. "कुणी शिवलाय?"

"मीच," मास्तर म्हणाले.

"फार सुरेख शिवलाय," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना कामाची तारीफ झोंबली.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दोन लिटरच्या वर पाणी निघालं. आठवड्याभरात खांदा हलका झाला, उचक्या थांबल्या, आणि मास्तरांनी भरलं ताट संपवून वर मागून घेतलं तेव्हा बायको स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी कामाला मोकळीक दिली. मास्तर दुकानात गेले, कात्रीला धार लावली आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं कापड मेजावर पसरलं. गिऱ्हाईक घुटमळलं. म्हणालं, मास्तर, राग नसावा, पण वर्षभर तुमच्या मेहुण्यांचे शर्ट घालतोय. जरा ढगळ असतात, पण त्यात श्वास घेता येतो. दुसरंही तेच म्हणालं. तिसऱ्याने तर मेहुणा जेवायला गेलाय म्हटल्यावर बाकावर बसून त्याची वाट पाहिली.

आता दुकानात कापड मेहुणाच बेततो. मास्तर काजं-बटणं करतात.