एक खाट, एक फोन आणि कस्तुराबाई

…तर रणजीतनं लोखंडी गज उचलला, इथवर काल आपण आलो होतो. पहिला फटका पाठीत. दुसऱ्याला ज्योतीरामचे पुढचे दोन दात खानावळीच्या फरशीवर, अन् रक्त वरणात! मी शेजारीच पानावर बसलेलो. अठ्ठ्याहत्तर वय माझं, गुडघे सरळ होईपर्यंत तिसरा बसला.

आता ज्योतीरामचा गुन्हा काय, ते ऐका. तो आणि गणराज आमच्या चिखलीत एकाच खाटेवर झोपायचे, एक दिवसा, एक रात्री. शिफ्टच तशा. कंपनीच्या गेटवर फोन जमा करावा लागतो, म्हणून दोघांत फोनही एकच; जो खोलीवर, त्याच्या हातात. त्यात शेजाऱ्यांचं ॲप. शंभर पावलांतले फोन एकमेकांना दिसतात, वागणूक बघून लोक तारे देतात, तारे बघून अनोळखी माणूसही वस्तू देतो. फोटोच्या जागी ह्यांनी खंडोबा लावलेला! त्या ताऱ्यांवर गणराजनं रणजीतची मोटारसायकल मागितली. किल्ली पानटपरीवर ठेवलेली, तोंड कुणी बघितलंच नाही. फोन खाटेवर टाकून गडी गाडीसकट पसार. रणजीतनं ॲपवर त्या फोनाला चोराची लाल खूण केली, जवळ आला की वाजणारी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाजली ज्योतीरामच्या खिशात, जेवताना.

"ह्योच त्यो! हाणा!" म्हणत आठ जण तुटून पडले. बरगडीवर लाथा, डोक्यात पाण्याचा जग.

खानावळवाली कस्तुराबाई बीडकडची, नवऱ्यामागं एकटीनं धंदा उभा केलेली, अंगानं चिपाड. तिनं तापलेला तवा सांडशीत धरला आणि रणजीतच्या खांद्याला टेकवला. चर्रर! कातडं जळल्याचा वास सुटला, गज पडला. दुसऱ्याच्या नडगीवर लाटणं घातलं, तो मटकन खाली.

"मुडद्यांनो, गाडी कवा गेली?"

"काल सांजच्याला, सातला," रणजीत कळवळला.

"सातला हा माझ्यासमोर मेथीची भाजी वाढून मागत होता! एका फोनामागं माणसं दोन हायत. मी दोघांना जेवू घालते, तुमच्या डबड्याला एकच दिसतंय!"

उगारलेले हात एकेक करून खाली झाले. ज्योतीराम मात्र दवाखान्यातून आल्यावर कुणी जवळ बसलं की ताट घेऊन उठायचा. आठवड्यानं रणजीत आला, खांद्याला पट्टी, मान खाली.

"मावशी, आमी सगळे त्याला पाच-पाच तारे देतो."

कस्तुराबाई भाकरी थापायची थांबली नाही. म्हणाली, "तारे ठेव तुझ्या फोनात. त्याला महिनाभर भाकर चावायची न्हाई; रोज दुपारी ये, दुधात कुस्कर, आन् तुझ्या हातानं भरव. मग बघू, तुझ्यासमोर तोंड उघडतोय का."