फ्रेंच बोलायला माणूस

शरयू देवपुजारी यांनी नागपूरच्या एका कॉलेजात उभी हयात फ्रेंच शिकवली, पण ती बोलायला त्यांना माणूस काही मिळाला नाही. वर्ग गच्च भरलेला असे, पण पोरं सगळी मार्कांसाठी आलेली. मराठी घेतली की निबंधात मार्क कापतात, फ्रेंच घेतली की क्रियापदं घोकून पैकीच्या पैकी, हा हिशेब. परीक्षा संपल्यावर रस्त्यात भेटलेला टॉपरसुद्धा 'बोंझूर मॅडम'च्या पुढे सरकत नसे. एकदा फ्रान्सला जायची शिष्यवृत्ती हाती आली होती. पण तेव्हा सिद्धेश पोटात होता आणि सासरे अंथरुणाला खिळलेले. डिपार्टमेंटमधली पद्मिनी त्यांच्या जागी गेली आणि परत आल्यावर वर्षभर तिथल्या पावाचं कौतुक सांगत राहिली.

निवृत्तीनंतर, २००६च्या उन्हाळ्यात, त्या सिद्धेशकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आल्या. मुलगा आयटीत, सून नेत्रा डिपेंडंट व्हिसावर घरी, नात ज्ञानदा चौथीत. बाहेर पाऊल टाकायचं तर गाडी हवी. नेत्रा गाडी चालवायची, पण इंडियन ग्रोसरी आणि शाळा एवढ्यापुरतीच. फ्रीवेचं नाव काढलं की ती किल्ली सिद्धेशच्या हाती द्यायची.

अशात लायब्ररीत एक प्रवासाचं पुस्तक शरयूबाईंच्या हाती लागलं. लुइझियानाच्या दक्षिणेला, खेड्यापाड्यांतून, अजून फ्रेंच बोलतात म्हणे. शेतांच्या मधोमध सेंट मार्टिनव्हिल नावाचं छोटंसं जुनं शहर आहे. एकेकाळी त्याला 'छोटं पॅरिस' म्हणत.

"सिद्धेश, लुइझियाना म्हणजे शेजारचीच स्टेट ना रे?"

"शेजारची म्हणजे सात तासांची ड्राइव्ह आहे, आई."

"मी कुठे चालत जायचं म्हणतेय?"

जुलैत ठरलं, आणि ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आला म्हणून सिद्धेशने हॉटेल कॅन्सल केलं. ऑगस्टमध्ये पुन्हा ठरलं. या वेळी बॅगा दाराशी आल्या होत्या, आणि ऑफिसच्या फोनने त्या पुन्हा आत नेल्या. "सॉरी यार आई, काहीतरी पेटलंय," असं म्हणून तो लॅपटॉपसमोर बसला. शरयूबाईंनी डब्यातले पराठे गुपचूप फ्रीजमध्ये ठेवले. शेवटी सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला निघाले. लॅपटॉपही निघाला.

वाटभर त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. 'मी भारतातून आले आहे. मी आपल्या भाषेची शिक्षिका आहे. आपल्याशी चार शब्द बोलता आले तर मोठा आनंद होईल.' काळ, लिंग, वचन, सगळं तपासून झालं. फार वर्षांनी कुणी पाहायला येणार असल्यासारखं त्यांना वाटत होतं.

गाव सुंदर होतं, यात वाद नाही. पांढरं जुनं चर्च, लाकडी गॅलऱ्यांची घरं, मागून संथ वाहणारं बायूचं, म्हणजे तिथल्या दलदलीतल्या नदीचं, मातकट पाणी आणि काठावर करडं शेवाळ लोंबणारे अवाढव्य ओक. रस्त्यांच्या पाट्यांवरही फ्रेंच नावं. शरयूबाईंनी साडीचा पदर सारखा केला आणि पर्यटकांच्या माहिती केंद्रात शिरल्या.

"बोंझूर, मादम्वाझेल!"

"हाय! हाऊ यॉल डुइंग?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

शरयूबाईंनी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. मुलगी गोड हसली. "माय ग्रँडमा वुड हॅव लव्ह्ड यू," ती म्हणाली. आजी गेल्या वर्षी वारली होती.

बेकरीत तेच. चर्चबाहेर भेटलेल्या बाईंचंही तेच. आजी बोलायची, आजोबा बोलायचे, आई समजायची, मला येत नाही. गिफ्ट शॉपमध्ये मात्र फ्रेंच ओसंडून चालली होती: टी-शर्टवर, कपांवर, फ्रीजला चिकटवायच्या चुंबकांवर. त्यातल्या एका कपावर शब्दाचं लिंग चुकलेलं होतं. जेवायला बसले तर राजम्यात सॉसेज, भातात कोळंबी, आणि हिरव्या भाजीतही कसलंतरी मांस. ज्ञानदाने फ्रेंच फ्राइज मागवले.

"अॅट लीस्ट समथिंग इज फ्रेंच, आजी," ती म्हणाली.

सिद्धेश खो खो हसला. शरयूबाईंना हसू आलं नाही. एवढं सात तास येऊन पुन्हा तेच, त्यांना वाटत होतं. नागपुरात कुणी बोलत नव्हतं ते निदान समजण्यासारखं होतं.

बिल द्यायला नेत्रा काउंटरवर गेली, तिथे तिने आपणहून चौकशी केली आणि लगबगीने परत आली. "आई, बायूच्या काठी बाकावर एक आजोबा बसतात म्हणे. अॅल्सिड. ते बोलतात."

अॅल्सिड खरोखरच बसले होते. टोपी घातलेले, पाठीत वाकलेले, हातात मासे धरायचा गळ. शरयूबाईंनी समोर उभं राहून तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली. म्हाताऱ्याने टोपी काढली आणि इंग्रजीत म्हणाला, "मॅम, ही चांगली फ्रेंच झाली. पुस्तकातली. माझी तशी नाही."

"चालेल. बोला ना. काहीही बोला."

त्याने गळ बाजूला ठेवला. लहानपणी शाळेत फ्रेंच बोललं की बाई कोपऱ्यात गुडघ्यांवर बसवायच्या, त्याने इंग्रजीतच सांगितलं. त्याला तेव्हा दुसरी भाषाच येत नव्हती. परसाकडे जायचंय हे सांगायलाही. आपल्या मुलांना मग त्याने ती शिकवलीच नाही. एवढं बोलून त्याने घसा खाकरला, आणि अखेर फ्रेंचमध्ये एक वाक्य म्हणाला. हेल वेगळा, सूर चिरका. पुलापलीकडे माझा 'शार' बंद पडलाय, असं काहीतरी. शरयूबाईंच्या पुस्तकात शार म्हणजे रथ. किंवा रणगाडा.

"व्वात्यूर," त्या म्हणाल्या. "गाडीला व्वात्यूर म्हणायचं."

तोंडातून गेलं आणि मग त्यांना कळलं. इतक्या वर्षांची सवय. पोराने चूक केली की वाक्य संपायच्या आत दुरुस्त करायची.

अॅल्सिडने टोपी परत डोक्यावर ठेवली. "येस, मॅम," तो इंग्रजीत म्हणाला, आणि गळाची दोरी गुंडाळायला लागला.

हॉटेलात ज्ञानदा आणि नेत्रा स्विमिंग पूलवर गेल्या, सिद्धेश फोनवर. शरयूबाई पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. आधी म्हाताऱ्याचा राग आला, एवढ्यातेवढ्यावरून कसलं वाईट वाटून घ्यायचं! मग मुलाचा आला, मग पद्मिनीचा. सगळ्यांवर रागावून झाल्यावर स्वतःची पाळी आली, आणि तो राग काही केल्या उतरेना. आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस समोर बसून बोलला, आणि आपण त्याला गुडघ्यांवर बसवलं.

सकाळी सिद्धेशने जाहीर केलं, "संध्याकाळी क्लायंट कॉल आहे. लगेच निघायला हवं."

"मला आधी बायूवर जायचंय."

"आई, काल झालं ना बघून?"

"काल काहीही झालं नाही," शरयूबाई म्हणाल्या.

अॅल्सिड बाकावर होता. त्यांना पाहून त्याने टोपीला हात लावला. शरयूबाई न विचारता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. म्हणाल्या, फ्रेंचमध्येच, पण साध्या, "तुमचा शार दुरुस्त झाला का?"

त्याने चमकून पाहिलं. मग खांदे हलायला लागले. तो हसत होता. "नाही," तो म्हणाला, आणि त्या गाडीला, मेकॅनिकला आणि मेकॅनिकच्या बापाला त्याने अशा काही शब्दांत धुतलं की त्यातला एकही शब्द शरयूबाईंनी कधी शिकवला नव्हता. निम्मं समजत नव्हतं. त्या विचारत राहिल्या. या पक्ष्याला काय म्हणता? त्या झाडाला? कोळंबीला? तो सांगायचा आणि त्या म्हणून बघायच्या. चुकल्या की तो दुरुस्त करायचा, त्यालाही आता मजा यायला लागली होती. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे घरी काय बोलतात? त्यांनी मराठीत 'नाव काय, गाव कुठलं' आणि 'बसा, चहा घ्या' म्हणून दाखवलं. तो आपल्या बायकोविषयी सांगायला लागला. ती गेल्यापासून घरात ही भाषा...

आणि गाडीचा हॉर्न वाजला.

एकदा, मग परत. शरयूबाई उठल्या नाहीत. सिद्धेश घड्याळाकडे बोट दाखवत तरातरा आला. "आई, प्लीज. आपण ऑलरेडी लेट आहोत."

"तू जा. मी बसने येईन."

"इथून बस नाही, आई!"

"मग कॉल इथून घे. तू पोटात होतास तेव्हा, तुझ्या शिक्षणासाठी, तुझ्या लग्नासाठी मी कधी घड्याळ दाखवलं नाही." त्यांचा आवाज चढला होता. "हा माणूस बोलतोय. त्याचं वाक्य पुरं होऊ दे."

सिद्धेश फोन घेऊन पुलाकडे गेला. पण वाक्य तुटलं ते तुटलंच. अॅल्सिडला शब्द कळले नव्हते, प्रकार कळला होता. तो अवघडून उठला. "अॅले, मादाम," हलकेच म्हणाला. म्हणजे, जा. त्याने टेलिफोन नंबर सांगितला, आणि तो गाडीतून उतरून आलेल्या नेत्राने आपल्या फोनमध्ये घातला.

अर्विंगहून शरयूबाईंनी फोन केला. म्हाताऱ्याला फोनवर नीट ऐकू येत नव्हतं. "की? की?" कोण, कोण, असं ओरडत राहिला, मग त्याच्या मुलीने फोन घेतला आणि इंग्रजीत सगळं गोड गोड बोलून ठेवून दिला. पुढच्या खेपेला त्या जोरात बोलल्या, तर शेजारच्या अपार्टमेंटमधल्या काकू विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना? ऑक्टोबरात परत जायचं सिद्धेशने कबूल केलं होतं. ऑक्टोबरात रिलीज होता.

भारतात परतायच्या दिवशी विमानतळावर त्या त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. तो बॅगा तोलून देत म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की, आई. प्रॉमिस."

"पुढच्या वेळी तू येऊ नकोस," शरयूबाई म्हणाल्या, आणि नेत्राकडे वळल्या. "तू फ्रीवेवर गाडी घालायला शीक. मी शेजारी बसेन, आणि तोंड बंद ठेवेन."

नेत्राने मान डोलावली. तिने खरंच क्लास लावला. पण त्या हिवाळ्यात सिद्धेशचा प्रोजेक्ट हलला आणि घर ओहायोत, डब्लिनला गेलं. नेत्राने नकाशावर मोजून नागपूरला फोन केला.

"सेंट मार्टिनव्हिल आता किती लांब पडतं गं?"

"दोन दिवस लागतील, आई."

मग शरयूबाईंनी विचारलं, "वाटेत मुक्काम करायला बरं हॉटेल आहे का?"