जवसाचा धागा

माझं पाणी वाचवलं ते शेजारच्या पेन्शनर काकांनी. हे आधीच सांगतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल मी बरं बोलणार नाही.

देऊळघाटात कुणी ‘लाईन गेली’ म्हणालं, की काका बोट वर करतात. "कोनती? विजेची, फोनची, का पोराच्या धंद्याची? येड्याहो, लाईन म्हन्जे मुळात लॅटिनातला जवसाचा धागा!" मग समोरच्याचा चहा निवेपर्यंत सुटका नाही. मी सातवीतून शाळा सोडलेला, कोल्हापूरकडचा. मला तर ते हटकून गाठतात.

परवा टँकर आला आणि एकानं रांगेतला माझा हंडा उचलून पार मागं ठेवला. "बाहेरगावचा ना तू? मांगं राय बे." घरात थेंब नव्हता, पण भांडलो तर भाड्याची खोली जाईल, म्हणून मागं जाऊन उभा राहिलो.

रांगेत पुढं काका कुणाला तरी जवस ऐकवत होते. बोलता बोलताच त्यांनी माझा हंडा आणून आपल्या जागी ठेवला, आपला उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन तिथल्यांना जवस सुरू केला. त्यांची पाळी येण्याआधीच टँकर संपला.

कधीतरी ते जवसपुराण मी शेवटपर्यंत ऐकून घेईन, काका. शब्द देतो.