आधी भिऊन घेऊ

"थांब गं, आधी भिऊन घेऊ."

असं म्हणून मावशी दोन्ही तळहात एप्रनला पुसायच्या, पायांखालची रबराची चटई खरंच पायांखाली आहे ना हे वाकून बघायच्या, एक मोठा श्वास घ्यायच्या आणि मगच टेस्टिंगच्या टेबलाचा खटका ओढायच्या. नाशिकजवळ सातपूरच्या आमच्या कारखान्यात विजेची पॅनल बनायची. दिवसाला तीसेक पॅनल त्यांच्या हाताखालून जायची आणि तीसही वेळा त्या मनापासून भ्यायच्या. मी शेजारच्या टेबलावर स्क्रू आवळत असायचे. तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. कॉलेजात पळण्याचे दोन कप मिळवले होते आणि आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही, अशी माझी समजूत होती.

मावशी चाळिशीच्या. गाव पेठच्याही पुढे, डोंगरात. लग्नानंतर नवऱ्याबरोबर द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरल्या. तो लवकर गेला. एका मुलीला घेऊन त्या सातपुरात राहिल्या आणि कारखान्यात लागल्या.

त्यांना भ्यायला काहीही चालायचं. कुत्रं, लिफ्ट, इंजेक्शन. टेलिफोनचा रिसीव्हर त्या कानापासून वीतभर लांब धरून बोलायच्या. त्र्यंबक रोड ओलांडायचा तर आम्हा चार-पाच जणींना हात धरायला लावायच्या, आणि ट्रक अजून लांब ठिपक्याएवढा दिसत असला तरी म्हणायच्या, "जाऊ दे त्याला. त्याला घाई हाय." तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो, त्याची नक्कल करतो. मीही करायचे. चटईकडे वाकून बघण्याची माझी नक्कल जेवणाच्या सुट्टीत फार गाजायची. सगळ्यांत जास्त मावशीच हसायच्या.

एकदा मात्र त्यांनी एका पॅनलचा खटका ओढायलाच नकार दिला. सुपरवायझर ओरडले. माल गाडीत भरायचा होता. मावशी हात मागे बांधून उभ्या. "साहेब, मला भ्या वाटतंय. मी नाय ओढत."

"कशाचं भय?"

"ते नाय सांगता येत. पण वाटतंय."

साहेबांनी चिडून पॅनल उघडलं. आत अर्थिंगची तार निसटून पत्र्याला लोंबत होती. त्यानंतर मावशींनी हात मागे बांधले की ते न विचारता पॅनल उघडायचे.

या बाईला पळता येतं, हे कळलं तेही भीतीमुळेच. सुट्टी झाल्यावर एक दिवस कंपनीची बस त्यांना न घेता निघाली. आम्ही मागच्या काचेतून बघतो, तर मावशी चपला हातात घेऊन पळत येत होत्या. पुढच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा त्या दारात उभ्या. धापसुद्धा नव्हती. "एकटी राहीन म्हणून भ्याले," म्हणाल्या आणि चपला खाली ठेवून त्यांत पाय घातले.

दोन हजार साल उलटल्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्र्यंबकच्या डोंगरांत काही हौशी मंडळींनी मॅरेथॉन ठरवली. बेचाळीस किलोमीटर, सगळी डोंगरवाट. कंपनीतून दोन बायकांची नावं हवी होती. पहिलं नाव मी न विचारता दिलं. दुसरं कुणी देईना, तेव्हा मीच मावशींचं लिहून टाकलं. खरं सांगायचं तर गंमत म्हणून.

त्या रागावल्या नाहीत. दोन महिने रोज पहाटे माझ्याबरोबर पांडवलेणीच्या टेकडीवर आल्या. सलवार-कमीज, कमरेला ओढणी, पायांत कॅनव्हासचे बूट. मी पुढे, त्या मागे. वाटेत सापाला भ्यायच्या, सुट्या दगडाला भ्यायच्या, उतारावर बसून घ्यायच्या. मी वर जाऊन थांबायचे आणि म्हणायचे, "मावशी, असं भीत भीत कोण पळतं?"

"मी पळते की," त्या म्हणायच्या.

शर्यतीच्या दिवशी सप्टेंबरातली सकाळ होती. पाऊस सरता सरता डोंगर जसे दिसतात तसे दिसत होते. पठारावर सोनकीची पिवळी फुलं लांबवर पसरलेली, कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. मुंबई-पुण्याहून आलेले लोक थांबून फोटो काढत होते. पहिले दहा-बारा किलोमीटर मी मावशींबरोबर पळाले. मग चढाला लागलो तेव्हा एक बाई आम्हाला ओलांडून गेली आणि माझ्या मनात बक्षीस शिरलं.

"मावशी, मी होते पुढे."

"धुकं येतंय बघ," त्या म्हणाल्या. "जरा संगं राहू."

मी हसले आणि निघून गेले. हे मी पुढे अनेक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

वर पोचेपर्यंत धुक्याने सगळं गिळलं होतं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसायची. वाट दाखवायला चुन्याच्या फक्कीचे बाण काढले होते, पण भुरभुर पावसाने ते धुऊन गेले असावेत. एका ठिकाणी वाट दुभंगली. डावीकडची रुंद होती, मी डावीकडे गेले. ती गुरांची वाट होती. थोड्या अंतरावर ती गवतात विरली आणि जमीन उतरती झाली. मला वाटलं, उतार लागला, आता वेग घ्यावा.

पाय कधी सुटले ते कळलं नाही. ओल्या गवतावरून मी पाठीवर घसरत गेले. हाताला येईल ते धरत होते आणि धरलेलं मुठीत उपटून येत होतं. मग कुठल्याशा कारवीच्या झुडपाच्या बुंध्यात उजवा पाय अडकला, घोट्यात काहीतरी कटकन वाजलं आणि मी थांबले. डावा पाय मोकळा हलत होता. त्याच्याखाली काही नव्हतं. धबधब्याचा आवाज माझ्या खालून येत होता.

भीती म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आधी मी ओरडले. मग ओरडण्यानेही अंग हलतं असं वाटलं आणि ओरडणं बंद केलं. दात वाजत होते. बुंधा हळूहळू वाकतोय, असं सारखं वाटत होतं. वरून कुणीतरी पळत गेल्याचा आवाज आला आणि धुक्यात विरला. मी हाक मारू शकले नाही. तोंडच उघडेना. किती वेळ गेला, मला आजही सांगता येत नाही.

"पोरी! हायेस का गं?"

आवाज वरून आला. मी कसाबसा हुंकार दिला.

"कुठं हाय पाय तुझा?"

"अडकलाय. दुसरा... दुसऱ्याखाली काही नाही. मावशी, मी मरणार."

"व्हय. घाई केलीस तर मरशील," त्या म्हणाल्या. "घाई नको करू. भी. पुरतं भिऊन घे. मी हाय हितं."

त्या प्रसंगात कुणीही म्हणालं असतं, घाबरू नकोस. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. धुक्यातून आधी त्यांचे कॅनव्हासचे बूट दिसले. गवताला पाठ लावून त्या बसल्या-बसल्या खाली सरकत होत्या. प्रत्येक झुडूप आधी ओढून बघत होत्या आणि तोंडाने बोलत होत्या. "हे नको, हे उपटतंय. हा दगड बरा हाय. नाय, हलतोय."

माझ्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर त्या थांबल्या. एक पाय खडकाच्या खाचेत रोवला, ओढणी सोडली, जाड बुंध्याला गाठ मारली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"ओढू नको. ओढणी माणसाला नाय पेलत. नुसती धर. धरायला असलं की हात कापायचा थांबतो."

खरोखर थांबला. मग त्यांनी माझा एकेक हात, एकेक पाय हलवायला लावला. उजवा हात या दगडावर. आता थांब. डावा गुडघा इथं. आता थांब. प्रत्येक वेळी आधी त्या स्वतः त्या दगडावर भार टाकून बघायच्या. तेवढा वीस-पंचवीस हातांचा उतार चढायला आम्हाला तासभर तरी लागला असेल. सपाट जागी आल्यावर मी त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. त्यांचेच दोन्ही हात एवढे थरथरत होते की त्या ते काखेत धरून बसल्या होत्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"चिखलात तुझ्या बुटाचे ठसे. डावीकडं गेलेले दिसले, आलेले नाय दिसले. मग भ्या वाटलं."

माझा घोटा सुजून जांभळा झाला होता. त्यांच्या खांद्यावर भार देत मी त्या दुभंगलेल्या वाटेपर्यंत आले. पुढे कार्यकर्त्यांची चौकी होती. शर्यतीत अजून वेळ होता आणि मावशींच्या पायांत दम होता. मी म्हटलं, "तुम्ही जा. पुढून कुणाला तरी पाठवा."

त्या गेल्या नाहीत. फाट्यावर मधोमध उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात आडवा करून सांगू लागल्या, "हिकडं नाय. हिकडं कडा हाय. उजवीकडं जा." त्यातल्याच एकाबरोबर माझ्या पायाचा निरोप चौकीवर पाठवला. बहुतेक जण मान हलवून वळायचे. काही जण हसायचे. एक धिप्पाड तरुण, अंगात भारीतला टी-शर्ट, थांबायलाच तयार नव्हता. "बाई, मी नकाशा पाहिलाय. सरका बाजूला."

मावशींनी त्याचं मनगट धरलं. तो फूटभर तरी उंच असेल त्यांच्यापेक्षा. "दादा, मला लय भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यासाठी तिकडून जा."

तो गोंधळला. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि उजवीकडे निघून गेला.

पळणाऱ्यांमध्ये खंड पडला तेव्हा, धुक्याकडे बघतच, त्या म्हणाल्या, "माझा बा मध काढायचा. कड्यावरून वेलाला धरून उतरायचा. आमच्या पाड्यात त्याच्यावाणी धीट कोणी नव्हता. कशालाच भ्यायचा नाय. लोकं लय नाव घ्यायची. मी नऊ वर्साची होते. आठव्या दिवशी कड्याखाली घावला."

तेवढ्यात धुक्यातून पावलं वाजली आणि त्यांनी पुन्हा हात आडवा केला.

दोन तासांनी कार्यकर्ते दोर आणि नवी फक्की घेऊन आले, तेव्हाच त्यांनी ती जागा सोडली. आम्हाला खालच्या गावातून जीपने आणलं. कंपनीच्या फळ्यावर लागलं, आपल्या दोन्ही स्पर्धक शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. सुपरवायझर हसून म्हणाले, "काय मावशी, भिऊन अर्ध्यातून परत?"

"व्हय साहेब," मावशी म्हणाल्या.

मी तिथेच होते. पायाला प्लास्टर घालून, कुबडीवर. मी तोंड उघडलं असतं तर मी त्यांना सोडून गेले होते, हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले. डोंगरावरची भीती पुढे स्वप्नांत येऊन येऊन झिजली. खरं सांगण्याची ही भीती मात्र झिजली नाही.

चार-पाच वर्षांनी आमचा विभाग बंद झाला. माणसं पांगली. मी लग्न होऊन नाशिकरोडला गेले. मावशी मुलीचं लग्न करून गावाकडे परतल्याचं कळलं. जाऊ जाऊ म्हणता जाणं झालं नाही. मग एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं की त्या गेल्या. तापाचं निमित्त झालं म्हणे. कळलं तेव्हाच महिना उलटून गेला होता.

जुलैच्या एका सकाळी एस.टी.ने गेले. मुलगी आता संसारासह आईच्याच घरात राहत होती. तिने ओळखलं. "तुम्हीच का त्या? आई सांगायची तुमच्याबद्दल. डोंगरात धुकं झालं तेव्हा ही पोरगी मला सोडून नाही गेली, फाट्यावर माझ्यासाठी बसून राहिली, म्हणायची."

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि तिला सगळं खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "असं होय," एवढंच म्हणाली, आणि मला भात लावायला निघालेल्या बायकांबरोबर ओढ्याकडे घेऊन गेली.

ओढा गढूळ, भरून चाललेला. पलीकडे त्यांची खाचरं. मुलगी म्हणाली, रोज आई काठी घेऊन पहिली पाण्यात उतरायची. ती पलीकडे जाऊन परत अलीकडे यायची, तेव्हा बाकीच्या निघायच्या. कधी दोन पावलांतच मागे फिरायची, मग पाणी उतरेपर्यंत कुणी जायचं नाही.

बायका काठावर उभ्या राहिल्या. डोक्यावर पावसासाठी पानांची इरली, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. कुणीच पुढे होईना. एकीने पाण्यात पाय घातला, पाणी पोटरीला लागून वळलं, तिने पाय बाहेर घेतला.

"अजून नको," ती म्हणाली.

कुणी तिला हसलं नाही. सगळ्या तिथंच दगडांवर बसल्या. मलाही त्यांनी सरकून जागा दिली, आणि पाणी उतरायची वाट बघत आम्ही बसून राहिलो.